जोड आली की झोल आला : सुट्या होणाऱ्या रायफलीनं मला काय शिकवलं

आजचा विषय थोडा वेगळा आहे. दर वेळी आपण कोड, करिअर, इंटरव्ह्यू असं काहीतरी बोलतो. आज बोलायचंय शिकारीच्या रायफलीबद्दल. थांबा, लगेच बंद करू नका. मी शिकारी नाही, आयुष्यात एकदाही गोळी झाडलेली नाही आणि झाडायची इच्छाही नाही. पण गेल्या वर्षी माझ्या हातून कामावर एक मोठी चूक झाली. ती नेमकी काय होती, हे मला कुठल्या टेक ब्लॉगनं नाही, तर शेजारच्या आजोबांच्या दोन नळ्यांच्या रायफलीनं समजावलं.

आधी चूक सांगतो. गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये मी आहे. पट्ट्यावरून खोकी जातात, प्रत्येकाचं वजन होतं आणि त्यावरून ठरतं की खोकं कुठल्या रांगेत जाणार. वजनाचं जुनं मॉड्यूल काढून मी नवीन बसवलं. जुन्याच्या टेस्ट हिरव्या, नवीनच्या टेस्ट हिरव्या. शुक्रवारी दुपारी चार वाजता डिप्लॉय केलं आणि घरी गेलो. जुनं मॉड्यूल किलो पाठवायचं, नवीन ग्रॅम पाठवत होतं. दोन किलोचं खोकं पलीकडच्या बाजूला दोन हजार किलोचं झालं! सगळी खोकी 'नाकारलेली' रांगेत. रात्रपाळीला दोनच माणसं होती. त्यांनी पहाटे तीनपर्यंत हातानं खोकी उचलली. त्यातल्या एकाची पाठ धरली, आठवडाभर कामावर आला नाही. आणि मी सोमवारी सगळ्यांना सांगत होतो, "पण दोन्ही बाजूंच्या टेस्ट पास होत्या."

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ.

तर, मी मूळचा कोल्हापूरचा. बाबा उद्यमनगरात टर्नर होते, तीस वर्षं लेथवर. शिकारीशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी शाळेच्या सहलीत न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले वाघ बघून घाबरलो होतो. सध्या राहतो जर्मनीत, उल्म शहरात. शेजारी एक आजोबा आहेत, वय एकाहत्तर. ते टूलमेकर होते. माझे बाबा टर्नर आहेत हे कळल्यावर आमची गट्टी जमली. आजोबा शिकार करतात. इथे त्यासाठी कडक परीक्षा असते. लोक तिला गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. प्राणी, कायदा, हत्यार, कुत्री, मांसाची स्वच्छता असं सगळं विचारतात.

एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक चामड्याची पेटी उघडली. गिटारच्या पेटीपेक्षाही लहान. आत मखमलीच्या खाचांत एक लाकडी दस्ता, त्याला जोडलेला रायफलीचा मधला लोखंडी भाग, दोन नळ्या आणि दोन दुर्बिणी. दोन मिनिटांत त्यांनी एक नळी बसवली आणि समोर साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर लांबीची रायफल उभी राहिली. एका स्थानिक कारागिरानं ती खास त्यांच्यासाठी बनवलेली. दस्त्याची लांबी त्यांच्या हाताच्या मापाची, लाकूड अक्रोडाचं.

अशा रायफलीला टेकडाउन रायफल म्हणतात. म्हणजे काय, तर नळी आणि दस्ता वेगळे करून छोट्या पेटीत ठेवता येतात. ही कल्पना जुनी आहे. रेल्वे आणि बोटीनं प्रवास करणाऱ्यांना लांबलचक बंदूक अडचणीची व्हायची. अमेरिकेत विंचेस्टरची १८९२ आणि १८९४ ही मॉडेलं टेकडाउन रूपातही मिळायची. आल्प्समध्ये डोंगर चढणारे शिकारी आजही मधून मोडणारी एकनळी रायफल पाठीवरच्या पिशवीत टाकून नेतात. आणि एकदा नळी निघायला लागली, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. दुसरी नळी बसवली तर?

आजोबांच्या दोन नळ्या अशा. एक ७x५७. हे काडतूस १८९२ सालचं. गोळी सात मिलिमीटरची, झटका कमी, छोट्या हरणासाठी ते हीच वापरतात. दुसरी ९.३x६२. हे १९०५ मध्ये बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूक कारागिरानं बनवलं. गोळी साधारण साडेअठरा ग्रॅमची, मोठ्या रानडुकरासाठी. एकच दस्ता, एकच ट्रिगर, हाताला एकच सवय, पण कामं दोन. ऐकायला किती छान वाटतं, नाही? आपण सॉफ्टवेअरवाले ज्याला प्लग-इन म्हणतो तेच हे.

आणि हो, इंटरफेससुद्धा आहे! मी आजोबांना विचारलं, इतक्या वेगळ्या गोळ्या, मग मागचा बोल्ट बदलावा लागत नाही? बोल्ट म्हणजे काडतुसाला मागून धरून ठेवणारा दांडा. त्यांनी दोन्ही रिकाम्या पुंगळ्या उलट्या उभ्या केल्या. बूड सारखंच, जवळपास १२ मिलिमीटर व्यासाचं. दोन्ही काडतुसं १८९८ च्या मॉझर बोल्टमध्ये बसतात. त्या काळी ठरलेलं हे बुडाचं माप आजही जगातली कितीतरी काडतुसं पाळतात. सव्वाशे वर्षं टिकलेला इंटरफेस, मंडळी. आपल्या लायब्ररी दोन वर्षांत मोडतात.

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. आजोबा हसले. म्हणाले, "बूड जुळलं म्हणजे बसलं. नीट बसलं की नाही, ते अजून कळायचंय."

इथून खरी गोष्ट सुरू होते. गोळी सुटते तेव्हा या काडतुसांमध्ये जवळपास ३,९०० बारपर्यंत दाब होऊ शकतो. गाडीच्या टायरमध्ये असतो दोन-अडीच बार. हा दाब रोखायला बोल्ट मधल्या लोखंडी भागात अडकतो. त्या भागाला रिसीव्हर म्हणतात. नळी पुढून त्याच रिसीव्हरमध्ये बसते. म्हणजे बोल्टचं तोंड आणि नळीचं चेंबर, यांच्यामधलं अंतर रिसीव्हरवर अवलंबून. हे अंतर जास्त झालं तर पुंगळी ताणून फाटू शकते आणि तापलेला वायू मागे, तोंडाच्या दिशेनं येऊ शकतो. कमी झालं तर बोल्ट बंदच होत नाही. म्हणून कारागीर प्रत्येक नळी त्या एकाच रिसीव्हरला आणि त्या एकाच बोल्टला गेज लावून जुळवतो. आजोबांच्या दोन्ही नळ्यांवर रायफलीचाच नंबर कोरलाय. त्यांच्या मित्राकडे हुबेहूब तशीच रायफल असली तरी त्याची नळी इथे लावायची नाही. दिसायला प्लग-इन, पण खरं तर ही एका घरातली जोडपी आहेत.

दुसरी अडचण नेमाची. या नळीला तुटक आटे आहेत. आटे मध्येमध्ये कापून काढलेत, त्यामुळे नळी सरळ आत सरकते आणि पाव फेरा दिला की घट्ट बसते. बसते तेव्हा नळीचा खांदा रिसीव्हरच्या तोंडावर टेकतो. दुर्बीण मात्र नळीवर नाही, रिसीव्हरवर आहे. आता गणित करूया, सोपं आहे. खांद्याचा व्यास धरा ३० मिलिमीटर. समजा साफ करताना एका बाजूला कसलातरी कण राहिला आणि खांदा तिथे एक शतांश मिलिमीटर, म्हणजे ०.०१ मिलिमीटर वर उचलला गेला. नळी तितकी तिरकी झाली. ३० ला ०.०१, म्हणजे तीन हजारात एक. शंभर मीटरवर गोळी किती सरकली? सव्वातीन सेंटिमीटरहून थोडी जास्त. पाच शतांशाचा कण असेल तर सतरा सेंटिमीटर! आणि छोट्या हरणाच्या छातीतला जो भाग लागला तर ते लगेच मरतं, तो असतो साधारण पुरीएवढा.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सगळं दाखवलं. पेटी, नळी, आटे. बाबांनी रायफलीचं कौतुक वगैरे काही केलं नाही. चष्मा वर करून म्हणाले, "ते सगळं असू दे. जोड कुठाय? जोड आली की झोल आला बघ."

मला ते वाक्य सोडेना. कारण मग मी मोजायला लागलो, की झोल नेमका कुठे शिरतो. जुन्या विंचेस्टरमध्ये तर जोड होतीच ना? मग ती कशी चालायची? उत्तर गमतीशीर आहे. तिचा नेम धरायचा लोखंडी काटा आणि मागची खाच, साधारणपणे दोन्ही नळीवरच असायचे. नळी जराशी तिरकी बसली तरी नेमही तिच्याबरोबर तितकाच तिरका. दोघं एकमेकांशी जुळलेलेच. घोटाळा झाला दुर्बीण आल्यावर. दुर्बीण सोयीसाठी रिसीव्हरवर गेली आणि ज्या दोन गोष्टी जुळायलाच हव्यात त्या जोडीच्या दोन बाजूंना गेल्या. आजोबांच्या कारागिरानं यावर उपाय म्हणून प्रत्येक नळीसाठी वेगळी दुर्बीण दिली, आपापल्या नळीबरोबर नेम लावलेली. चांगला उपाय आहे, पण त्यानं जोडी वाढल्या. नळी-रिसीव्हर एक, दुर्बीण-रिसीव्हर दुसरी.

आजोबांची मुलगीही शिकार करते. तिच्याकडे ब्लाझर आर-८ आहे, २००८ साली आलेलं मॉडेल. ब्लाझरचा कारखाना इथून फार लांब नाही, आल्प्सच्या पायथ्याशी इस्नी गावात. तिनं नळी बदलून दाखवली. दस्त्याच्या खालून एक चावी, दोन स्क्रू, नळी हातात. मी लगेच विचारलं, "जोड कुठाय?" एव्हाना मी बाबांचाच मुलगा झालो होतो. तिनं बोल्ट मागे ओढून दाखवला. त्याच्या डोक्याभोवती फाकणारं कडं आहे. बोल्ट पुढे ढकलला की ते कडं फुगतं आणि नळीच्याच आतल्या खाचेत सगळीकडून अडकतं. म्हणजे दाब झेलणारी कडी थेट बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये. मधला भाग त्यातून बाहेर! दुर्बीणही थेट नळीवर बसते. नळी काढली की दुर्बीण तिच्याबरोबर जाते, परत लावली की तिच्याबरोबर येते.

आलं लक्षात? जोड तर त्यातही आहे. नळी आणि दस्ता वेगळे होतातच. पण ज्या गोष्टी एकमेकांशी जुळायलाच हव्यात, त्या सगळ्या जोडीच्या एकाच बाजूला आणून ठेवल्या. दस्ता एक केसभर हलला तरी गोळी आणि नेम यांचं नातं तुटत नाही. एका कारागिरानं महिनोन्‌महिने घासून जे साधलं, ते इथे रचनेतच बसवलंय. मुलगी म्हणाली, "बाबांची सुंदर आहे. माझी कंटाळवाणी आहे. हरणाला कंटाळवाणीच बरी."

एक मिनिट कायद्याबद्दल, कारण तुमच्यातले बरेच जण हे ऐकून गूगल करणार. जर्मनीत सुटी नळीसुद्धा कायद्यानं हत्याराइतकीच गंभीर गोष्ट आहे. ती परवान्यावर नोंदवावी लागते, तिजोरीसारख्या कपाटात ठेवावी लागते. विक्रीआधी नळीची सरकारी चाचणी होते. तशी एक कचेरी आमच्या उल्ममध्येच आहे. तिथे कमाल मर्यादेपेक्षा साधारण पाव पट जास्त दाबाचं काडतूस झाडून बघतात, टिकली तर शिक्का मारतात. अमेरिकेत वेगळं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे नंबर असलेला रिसीव्हर. नळी हा नुसता सुटा भाग. आणि आपल्याकडे? भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही येतात. त्यामुळे परदेशातून 'आठवण' म्हणून एखादी जुनी नळी बॅगेत टाकून आणायचा विचारही करू नका. शिकारीचं म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे तो विषय संपला. ते बरंच झालं असं माझं मत.

आता त्या संध्याकाळबद्दल सांगतो. मे महिना होता. आजोबांनी हिवाळाभर रानडुकरासाठी ९.३ ची नळी लावली होती. त्या दिवशी दुपारी ती काढून ७ ची लावली. त्यांचा नियम आहे, नळी बदलली की रेंजवर जाऊन कागदावर एक गोळी झाडायची. नेम बरोबर असेल तरच जंगलात जायचं. मी सोबत होतो. रेंजवर पोचलो तर फाटक बंद, कसलंतरी दुरुस्तीचं काम. आजोबा दोन मिनिटं गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "चल, नुसतं बघायला जाऊ."

आम्ही मचाणावर बसलो. लाकडी शिडी, वर छोटी खोली, समोर गवताळ पट्टा. रायफल कोपऱ्यात उभी, बोल्ट उघडा, आत काही नाही. तासाभरानं झाडीतून एक हरीण बाहेर आलं. नर होता. इतका जवळ, की त्याचे कान हलताना दिसत होते. सत्तर पावलं असेल. आडवा उभा राहिला. आजोबांनी पूर्ण हंगाम ज्याची वाट बघितली असती, असा. मी श्वास रोखला. ते हातातल्या दुर्बिणीतून बघत राहिले. रायफलीला हातही लावला नाही. पाच-सात मिनिटांनी हरीण चरत चरत निघून गेलं.

खाली उतरल्यावर मी म्हणालो, "आजोबा, सत्तर पावलांवर होतं. दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं असतं तरी चाललं असतं ना?"

ते म्हणाले, "दोन सेंटिमीटर की वीस, हे मला माहीत नव्हतं. या नळीची आणि या दुर्बिणीची आज अजून भेटच झालेली नाही. हरणाला ते माहीत नसतं."

मग चालता चालता त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. रायफल नवीन होती, ते चाळिशीत. असंच नळी बदलून थेट जंगलात गेले. कारागीर उत्तम, रायफल उत्तम, मग तपासायचं कशाला? गोळी हरणाच्या मागच्या पायाला लागली. हरीण पळालं. रात्रभर शोधलं, सकाळी रक्ताचा माग काढणारं कुत्रं बोलावलं. सापडलं दुपारी, तोवर जिवंत होतं. नंतर रायफल तपासली तर नळीच्या खांद्यावर दाबला गेलेला लाकडाचा एक बारीक कण. "प्रत्येक भाग निर्दोष होता," ते म्हणाले, "म्हणून तर मी तपासलं नव्हतं."

मंडळी, मला तिथेच घाम फुटला. दोन्ही बाजूंच्या टेस्ट पास होत्या. आठवतंय ना? माझंच वाक्य, त्यांच्या तोंडून, तीस वर्षांपूर्वीचं. फरक इतकाच, की मी ते स्वतःच्या बचावासाठी वापरत होतो आणि ते त्याला स्वतःची चूक म्हणत होते.

मग मी काय केलं? दोन गोष्टी. पहिली, ब्लाझरवाली. आता आमच्या सिस्टीममध्ये वजन नुसता आकडा म्हणून जात नाही. आकडा आणि एकक एकत्र बांधून जातात. २००० एकटं फिरूच शकत नाही. '२००० ग्रॅम' असंच फिरतं. जे जुळायला हवं ते जोडीच्या एकाच बाजूला. दुसरी, आजोबांवाली. कुठलंही मॉड्यूल बदललं की पाळी सुरू व्हायच्या आत एक खरं खोकं, खऱ्या पट्ट्यावरून, आमच्यापैकी कुणीतरी समोर उभं राहून पाठवायचं. टीममध्ये त्याला 'कागदावरची गोळी' म्हणतात. आणि पट्टा बंद असेल, खोकं पाठवता येत नसेल, तर त्या दिवशी डिप्लॉय नाही. मॅनेजर विचारतो, "सगळं तयार आहे, मग थांबलाय कशाला?" मी सांगतो, "अजून भेट झालेली नाही." आता त्यालाही अर्थ कळतो.

पहिली गोष्ट असेल तर दुसरी कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही आजोबांच्या मुलीला विचारलं होतं, तुझी तर नेम न हलणारी रायफल, तू कागदावर गोळी झाडतेस का? ती म्हणाली, "दर वेळी. चांगल्या रचनेमुळे गोळी मधोमध लागते. पण लागते हे मला झाडल्यावरच कळतं."

ज्या माणसाची पाठ धरली होती, त्याला मी नंतर भेटलो. माफी मागितली. तो म्हणाला, "पुढच्या वेळी शुक्रवारी तू पण थांब." आता थांबतो.

तर आजचा भाग इथेच. तुमच्या कामात अशी कुठली जोड आहे जिथे झोल शिरतो? लेथवर, स्वयंपाकघरात, एक्सेलच्या शीटमध्ये, कुठेही असो. कमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवीन. आणि घरी कुणी टर्नर, फिटर असेल तर त्यांना हा भाग ऐकवा. आपल्यापेक्षा त्यांना लवकर कळेल.

काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात. नमस्कार!